टूरिंग मोटारसायकलचे स्पार्क प्लग घरी बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पार्क प्लग म्हणजे सिलिंडरमधले पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ठिणगीने पेटवणारा भाग. येथील उत्तरे पेट्रोलवर चालणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्यांसाठी आहेत. आपल्याकडे लांबच्या प्रवासाला सर्रास वापरल्या जाणाऱ्या रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 411 आणि 650 सीसीच्या जुळ्या सिलिंडरच्या गाड्या, तसेच चाकणला तयार होणारी बजाजची डॉमिनार 400, या डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहेत. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर पुस्तिकेचाच आकडा खरा मानावा.

हे काम घरी करण्याइतके सोपे आहे का?

काम सोपे आहे, पण त्यातली चूक महागात पडते. साधा निकेलचा प्लग शे-दोनशे रुपयांना मिळतो. तो ज्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, बसतो, त्या हेडचे आटे गेले तर मात्र खर्च काही हजारांवर जातो आणि गाडी आठवडाभर उभी राहते. म्हणून या कामात खरी काळजी प्लगची घ्यायची नसून हेडची घ्यायची असते. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरामागे हेच एक कारण आहे. ज्याला पाना कोणत्या दिशेला फिरवला की सैल होतो हे कळते आणि अडले तर जोर न लावता थांबण्याची सवय आहे, त्याने हे काम निर्धास्तपणे करावे. एका सिलिंडरच्या गाडीला पहिल्या वेळी तासभर लागतो, पुढे अर्धा तास पुरतो.

प्लग किती किलोमीटरनंतर बदलावा?

निकेलच्या साध्या प्लगसाठी बहुतेक मोटारसायकलींमध्ये साधारण 10,000 ते 15,000 किलोमीटर ही मुदत धरली जाते, आणि मध्ये एकदा तो काढून पाहिला जातो. हा आकडा लहान वाटत असेल तर एक साधा हिशोब करून पाहावा. ताशी सरासरी 50 किलोमीटर वेगाने 10,000 किलोमीटर जायला 200 तास लागतात. इंजिन मिनिटाला सरासरी 4,500 फेरे घेत असेल आणि दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी पडत असेल, तर तेवढ्या काळात त्या एका प्लगने 2 कोटी 70 लाख वेळा ठिणगी टाकलेली असते. प्रत्येक ठिणगीबरोबर धातूचा अगदी सूक्ष्म अंश झिजतो, मधल्या इलेक्ट्रोडच्या (प्लगच्या मधोमध असलेल्या धातूच्या काडीच्या) धारदार कडा गोल होतात, गॅप, म्हणजे ती काडी आणि बाहेरची वाकडी पट्टी यांच्यातले अंतर, वाढते आणि तीच ठिणगी पाडायला कॉइलला, म्हणजे बॅटरीच्या विजेचे व्होल्टेज चढवणाऱ्या भागाला, अधिक व्होल्टेज द्यावे लागते. प्लग वर्षानुवर्षे चालतो असे सांगणारे खोटे बोलत नसतात. गाडी चालते खरी, पण कॉइल आणि ॲव्हरेज यांच्या जिवावर.

गाडी मिसिंग मारते आहे, म्हणजे मध्येच ठिणगी चुकून अडखळते आहे. प्लगच गेला आहे हे कसे ओळखावे?

सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागणे, आयडलिंग अडखळणे, घाटात वरच्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर पिळल्यावर गाडीने आचके देणे, ही झिजलेल्या प्लगची लक्षणे आहेत. यांतले तिसरे लक्षण सर्वांत बोलके असते, कारण सिलिंडरमधला दाब जितका वाढतो तितकी ठिणगी पडणे अवघड होते. सपाट रस्त्यावर निमूट चालणारा प्लग खंबाटकीच्या चढावर मात्र उघडा पडतो.

तरीही हीच लक्षणे चोंदलेला एअर फिल्टर, अशक्त बॅटरी, सैल झालेली प्लग कॅप (प्लगवर बसणारे तारेचे टोक) किंवा पाणी मिसळलेले पेट्रोल यांनीही दिसतात. मनाली-लेह रस्त्यावर तांडी येथे पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची प्रसिद्ध पाटी आहे. त्या टप्प्यात कॅनमधून किंवा बाटलीतून भरलेल्या पेट्रोलनंतर गाडी अडखळू लागली तर आधी पेट्रोलवर संशय घ्यावा, प्लगवर नंतर. जुळ्या सिलिंडरच्या गाडीत एक सोय असते: दोन्ही प्लगांची अदलाबदल करून पाहावी. दोष दुसऱ्या सिलिंडरकडे गेला तर प्लग दोषी, आणि दोष जागेवरच राहिला तर कारण अन्यत्र आहे.

प्लगवरची अक्षरे आणि आकडे कसे वाचावेत?

ही अक्षरे म्हणजे प्लगची जन्मपत्रिकाच असते. उदाहरणादाखल एनजीके कंपनीचा ‘सीपीआर8ईए-9’ हा प्लग घेऊ. त्यातला ‘सी’ म्हणजे आट्यांचा व्यास 10 मिलिमीटर, ‘पी’ म्हणजे चिनी मातीचे टोक किंचित बाहेर आलेले, ‘आर’ म्हणजे आत रोधक बसवलेला, 8 ही हीट रेंज (ती पुढच्या उत्तरात येईल), ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी 19 मिलिमीटर आणि शेवटचा 9 म्हणजे 0.9 मिलिमीटर गॅप. यांपैकी व्यास चुकला तर प्लग बसतच नाही, म्हणून ती चूक निरुपद्रवी आहे. लांबी चुकली तर मात्र घात होतो. प्लग आखूड असेल तर उघड्या राहिलेल्या आट्यांमध्ये काजळी साचते आणि पुढे योग्य प्लग बसत नाही. लांब असेल तर पिस्टन त्याच्यावर आदळू शकतो.

‘आर’ या अक्षराकडेही दुर्लक्ष करू नये. साधारण पाच हजार ओहमचा हा रोधक ठिणगीतून निघणाऱ्या विद्युत गोंगाटाला आवर घालतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत त्याच्याअभावी फार तर शेजारच्या रेडिओत खरखर व्हायची. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तोच गोंगाट इसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला) आणि सेन्सरला गोंधळात टाकू शकतो.

लडाखला जाणार आहे. थंडीसाठी वेगळ्या हीट रेंजचा प्लग घ्यावा का?

घेऊ नये. हीट रेंजचा बाहेरच्या हवामानाशी फारसा संबंध नसतो. आपल्या टोकावरची उष्णता प्लग किती लवकर हेडकडे सोडतो, एवढेच ती सांगते. टोकाचे तापमान साधारण 500 अंश सेल्सिअसच्या खाली राहिले तर काजळी जळून जात नाही, आणि 800 ते 850 अंशांच्या वर गेले तर ठिणगी पडण्यापूर्वीच तापलेल्या टोकामुळे मिश्रण पेट घेऊ लागते, ज्यात पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. गाडी बनवणाऱ्याने या दोन टोकांमधली जागा त्या इंजिनासाठी आधीच शोधून ठेवलेली असते.

खारदुंगला साधारण 5,359 मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल तेवढेच आणि हवा मात्र कमी, असा प्रकार होऊन प्लग काळा पडतो. खाली उतरल्यावर तो बराचसा आपोआप स्वच्छही होतो. इंजेक्शनच्या गाडीत इसीयू हवेचा दाब पाहून पेट्रोल कमी करतो, त्यामुळे हा प्रश्न फारसा उरत नाही.

एक घोटाळा मात्र लक्षात ठेवावा. एनजीके आणि डेन्सो यांच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग ‘थंड’, तर बॉश आणि चॅम्पियन यांच्याकडे आकडा मोठा म्हणजे प्लग ‘गरम’. दुकानदाराने ‘दोन्हींवर सातच आहे’ असे म्हणून वेगळ्या कंपनीचा प्लग पुढे केला तर तो घेऊ नये. कंपनीने दिलेली पर्यायांची यादी पाहूनच बदल करावा. जुने मिस्त्री आजही कोणत्याही प्लगला ‘मायकोचा प्लग’ म्हणतात. मायको या कंपनीचेच नाव 2008 मध्ये बॉश लिमिटेड झाले, त्यामुळे त्यांचे म्हणणे ऐकताना ते कोणत्याही प्लगला ते नाव देत आहेत की खरोखर बॉशचाच प्लग सांगत आहेत, हे विचारून घेतलेले बरे.

इरिडियमचा प्लग लावल्याने पिकअप वाढतो का?

चांगल्या स्थितीतल्या निकेलच्या नव्या प्लगशी तुलना केली तर फरक जाणवण्याइतका नसतो. ज्यांना फरक जाणवतो ते बहुधा झिजलेला जुना प्लग काढून नवा इरिडियम लावत असतात, आणि त्यांना जाणवते ते नवेपण. इरिडियमचा खरा गुण त्याच्या कठीणपणात आहे. निकेल 1,455 अंशांना वितळते तर इरिडियम 2,446 अंशांना. म्हणून निकेलचा मधला इलेक्ट्रोड सुमारे अडीच मिलिमीटर जाड ठेवावा लागतो आणि इरिडियमचा 0.6 किंवा 0.4 मिलिमीटर इतका बारीक ठेवता येतो. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला पडते, त्यामुळे थंडीत गाडी पटकन चालू होते. मात्र सर्वच इरिडियम प्लगांच्या बाहेरच्या पट्टीवर मौल्यवान धातू नसतो. ज्यांच्यावर नसतो त्यांची ती पट्टी निकेलच्याच गतीने झिजते आणि मग आयुष्य अनेक पटींनी वाढण्याची अपेक्षा फोल ठरते. कारखान्यातून गाडीत इरिडियम आला असेल तर इरिडियमच लावावा. निकेल आला असेल आणि बदलायला सोपा असेल, तर मला स्वतःला वेळच्या वेळी निकेल बदलणे अधिक शहाणपणाचे वाटते. ज्या गाडीत प्लगपर्यंत पोहोचायला टाकी उतरवावी लागते, तेथे इरिडियमचे जादा पैसे मेहनत वाचवतात.

कोणती हत्यारे लागतात?

सर्वांत महत्त्वाचा म्हणजे योग्य मापाचा, पातळ भिंतीचा प्लग पाना. 10 मिलिमीटर आट्यांच्या प्लगला बहुधा 16 चा, 12 मिलिमीटरच्या प्लगला 18 चा आणि जुन्या 14 मिलिमीटरच्या प्लगला 21 चा पाना लागतो. काही नव्या इंजिनांत 14 च्या पान्याचा सडपातळ प्लगही असतो, आणि तेथे कारसाठीचा जाडा सॉकेट प्लगच्या खोल खळग्यात शिरतच नाही. गाडीबरोबर मिळालेला नळीचा पाना आणि त्यात अडकवायची टॉमी (आडवी दांडी) ही जोडी दिसायला किरकोळ असली तरी माप अचूक असते, म्हणून ती फेकू नये. पान्याच्या आत रबर किंवा चुंबक असेल तर प्लग वर उचलून घेता येतो.

त्याखेरीज फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पात्यांची पट्टी), मऊ ब्रश, टॉर्च, 5 ते 25 न्यूटन-मीटर मोजणारा लहान टॉर्क पाना (ठरवलेल्या पिळाला ‘टक्’ आवाज करणारा) आणि वीतभर रबरी पेट्रोल पाइप जवळ ठेवावा. चारचाकीचा मोठा टॉर्क पाना या कामाला निरुपयोगी आहे; ज्याची सुरुवातच 40 न्यूटन-मीटरला होते, त्याचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत आटे गेलेले असतात. पाइप कशासाठी, ते पुढे येईल.

डॉमिनारला तीन प्लग का आहेत, आणि तिन्ही बदलावे लागतात का?

बजाजने 2003 मध्ये पल्सरमध्ये एका सिलिंडरला दोन प्लग देण्याची पद्धत आणली, 2012 च्या पल्सर 200 एनएसमध्ये तीन प्लग दिले आणि 2016 च्या अखेरीस आलेल्या 373 सीसीच्या डॉमिनारमध्येही तीच रचना ठेवली. मोठ्या बोअरमध्ये, म्हणजे रुंद सिलिंडरमध्ये, ज्वाळेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला वेळ लागतो. ती एकाहून अधिक ठिकाणी पेटवली तर मिश्रण लवकर आणि पुरते जळते. रॉयल एनफिल्डच्या जुन्या क्लासिक 350 मध्ये दोन प्लग असण्याचे कारणही हेच.

याचा एक तोटा असा की त्यांपैकी एक प्लग पूर्ण निकामी झाला तरी गाडी चालत राहते. स्वाराला फक्त ॲव्हरेज थोडे उतरल्याचे आणि दमदारपणा गेल्याचे जाणवते, आणि तो दोष पेट्रोलला देतो. म्हणून बदलायचे तर तिन्ही एकदम बदलावेत. तिन्ही प्लग एकाच जातीचे आहेत असे गृहीत धरू नये. पुस्तिकेत प्रत्येक जागेसाठी दिलेला क्रमांक पाहून खोक्यांवर तशी खूण करावी. तारा काढण्यापूर्वी त्यांच्यावर चिकटपट्टी लावून क्रमांक लिहावेत आणि मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. जुळ्या सिलिंडरच्या गाडीलाही हेच लागू आहे.

टाकी उचलताना काय सांभाळावे?

टाकीत पेट्रोल पाव हिश्शाहून कमी असताना काम काढावे, कारण भरलेली टाकी एकट्याला पेलत नाही. पुष्कळदा मागचा बोल्ट काढून टाकी मागून चार बोटे उचलली आणि खाली कापडात गुंडाळलेला लाकडी ठोकळा ठेवला की हात जाण्यापुरती जागा होते, आणि पेट्रोलचा पाइप सोडवण्याची वेळच येत नाही. पाइप सोडवावाच लागला तर इंजेक्शनच्या गाडीत त्यात दाब असतो हे ध्यानात ठेवून वर चिंधी धरावी. आपल्याकडे हे काम बहुधा वाड्याच्या बोळात, बंगल्याच्या पोर्चमध्ये किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये होते. जवळ गॅसचा गीझर, शेगडी किंवा तुळशीपुढचा दिवा पेटता नाही याची खात्री आधी करावी.

गाडी थंड असण्याचा एवढा आग्रह का?

ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, आणि तापलेले असताना त्याचे आटे मऊही असतात. अशा वेळी प्लग काढला तर आट्यांचा चुरा त्याच्याबरोबर ओढला जाऊ शकतो, आणि गरम हेडमध्ये बसवलेला प्लग थंड झाल्यावर किती घट्ट झाला आहे याचा अंदाज राहत नाही. गाडी रात्री उभी करावी आणि काम सकाळी चहानंतर करावे.

प्लग काढण्यापूर्वी साफसफाई किती करावी?

वाटते त्याहून बरीच जास्त. प्लग ज्या खळग्यात बसतो तेथे टूरिंगच्या गाडीत धूळ, वाळू, चिखलाचे पापुद्रे आणि कधी कधी मेलेले किडे साचलेले असतात, आणि प्लग निघाल्या क्षणी ते सारे थेट सिलिंडरमध्ये पडते. वाळूचा एक कण बोअरवर ओरखडा पाडायला पुरेसा असतो. कॅप काढल्यावर खळगा हवेने फुंकावा, मग प्लग फक्त अर्धा फेरा सैल करावा, पुन्हा फुंकावा, आणि नंतरच पूर्ण काढावा. घरी कॉम्प्रेसर नसेल तर टायरमध्ये हवा भरायच्या लहान पंपाला बारीक नळी लावून काम भागते. पंक्चरच्या दुकानात जाऊन फुंकून घ्यायचे असेल तर त्यांच्या टाकीत साचलेले पाणी हवेबरोबर येते, म्हणून आधी हवेचा झोत तळहातावर घेऊन पाहावा. फुंकताना डोळ्यांवर चष्मा असावा.

कॅप किंवा कॉइल काढताना तार धरून ओढू नये. कॅपच डावी-उजवीकडे थोडी फिरवून सरळ वर घ्यावी. पानाही प्लगवर अगदी सरळ बसलेला असावा. माझ्या हातून एकदा घाईत पाना तिरका झाला, प्लगच्या चिनी मातीचा तुकडा उडाला आणि तो खळग्यातच पडला. प्लग अजून आट्यांत होता म्हणून तो तुकडा इंजिनात गेला नाही, पण चिमटा आणि व्हॅक्यूम क्लीनर घेऊन तो बाहेर काढण्यात अर्धी सकाळ गेली.

प्लग हलतच नाही. आता?

लांब दांडी लावून जोर करू नये. प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारे तेल दोन-चार थेंब सोडून काही तास थांबावे, मग किंचित सैल, किंचित घट्ट असे मागे-पुढे करत आणावा. तरी हलला नाही तर इंजिन केवळ कोमट होईल इतके, म्हणजे मिनिटभर चालवून बंद करावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. थंड इंजिनाच्या नियमाला एवढा एकच अपवाद आहे. फिरताना प्लग करकरू लागला आणि प्रत्येक फेऱ्याला अधिक जड होऊ लागला, तर तेथेच थांबून उलट फिरवावा आणि गाडी अनुभवी मिस्त्रीकडे न्यावी. यात कमीपणा काही नाही.

नव्या प्लगची गॅप तपासावी लागते का?

तपासावी, कारण वाहतुकीत खोके आपटलेले असू शकते. फीलर गेजचे योग्य पान हलक्या अडकाव्याने सरकले म्हणजे गॅप बरोबर आहे. कमी-जास्त करायची झाली तर फक्त बाहेरची वाकडी पट्टी हलवावी. मधल्या इलेक्ट्रोडवर टेकवून कोणतेही हत्यार वापरू नये, कारण आतली चिनी माती न दिसता तडकते. इरिडियम आणि प्लॅटिनमच्या प्लगांना हात न लावणे उत्तम; त्यांची गॅप चुकीची आढळली तर दुकानात बदलून घ्यावेत. हातातून फरशीवर पडलेला प्लग वरून कितीही धडधाकट दिसला तरी वापरू नये.

प्लग किती घट्ट करावा?

सर्वाधिक हेड खराब होतात ते येथेच, म्हणून हे उत्तर थोडे लांबवतो.

पहिली पायरी हाताची. रबरी पाइपचे टोक प्लगच्या डोक्यावर घट्ट बसवावे, प्लग खळग्यात सोडावा आणि आधी घड्याळाच्या उलट दिशेने हलकेच फिरवावा. एका ठिकाणी प्लग किंचित खाली बसल्याचा ‘टक्’ जाणवतो. तेथे दोन्हींचे आटे एकमेकांसमोर आलेले असतात. आता सरळ दिशेने फिरवावा. पाइपचा फायदा असा की आटा तिरका लागला तर पाइप प्लगवर घसरतो आणि नुकसान टळते. पान्याला ही दया नसते. 10 मिलिमीटरच्या प्लगच्या दोन आट्यांमधले अंतर 1 मिलिमीटर असते, म्हणून 19 मिलिमीटर लांबीचा प्लग डझनाहून अधिक फेरे बोटांनीच आत गेला पाहिजे. दोन-तीन फेऱ्यांतच जड झाला तर तो तिरका लागला आहे असे समजून बाहेर काढावा.

दुसरी पायरी टॉर्कची. ॲल्युमिनियमच्या हेडसाठी 10 मिलिमीटरच्या प्लगला साधारण 10 ते 12 न्यूटन-मीटर, 12 मिलिमीटरला 15 ते 20 आणि 14 मिलिमीटरला 25 ते 30 इतका टॉर्क पुरतो. टॉर्क पाना नसेल तर फेऱ्याचे माप वापरावे. वॉशरचा नवा प्लग बोटांनी पूर्ण टेकल्यावर पान्याने सुमारे अर्धा फेरा, म्हणजे काटा बारावरून सहावर जाईल इतका फिरवावा. तेवढ्यात नवा वॉशर दबून गॅस रोखतो. तोच प्लग काढून पुन्हा बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, म्हणून एका फेऱ्याचा बारावा भाग, काटा बारावरून एकवर जाईल इतकेच पुरे. ‘जरा आणखी एक पीळ’ देण्याचा मोह येतो. तो आवरावा. सैल प्लगही बरा नव्हे, कारण उष्णता हेडकडे जाण्याचा मार्ग तोच असतो आणि सैल प्लग टोकाशी भलताच तापतो, पण मी पाहिलेल्या बिघाडांत अति घट्ट केलेले प्लगच अधिक होते.

आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावावे का?

आजच्या बहुतेक प्लगांच्या आट्यांवर गंजरोधक मुलामा असतो आणि एनजीकेसारख्या कंपन्या काहीही लावू नये असेच सांगतात. वंगण लावल्याने घर्षण कमी होते, पाना तोच आकडा दाखवतो आणि प्लग मात्र प्रत्यक्षात कितीतरी जास्त ताणला जातो. कॅपच्या आतल्या रबराला सिलिकॉनचे डायइलेक्ट्रिक ग्रीस बोटाच्या टोकाने लावायला हरकत नाही.

काढलेल्या प्लगच्या रंगावरून काय कळते?

फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे सर्व ठीक. कोरडी मखमली काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी किंवा गाडी नुसतीच जवळच्या अंतरांवर फिरवलेली. ओलसर, तेलकट काळेपणा असेल तर तेल रिंगांवरून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून आत येत आहे, आणि तेथे नवा प्लग लावून काहीही साधत नाही. पांढरे फटक, फोड आलेले टोक दिसले तर गाडी जास्त तापत आहे किंवा प्लगची हीट रेंज चुकली आहे; ते सोडवल्याखेरीज प्रवासाला निघू नये. विटकरी किंवा नारिंगी थर बहुधा पेट्रोलमधल्या पूरक रसायनांचा असतो.

मात्र रंग पाहून भविष्य सांगण्याची हौस थोडी आवरती घ्यावी. इंजेक्शनच्या गाडीत मिश्रण इसीयू सतत जुळवत असतो, आणि गाडी पार्क करण्यापूर्वीची पाच मिनिटे ती सिग्नलला उभी असेल तर प्लग त्या पाच मिनिटांची हकिगत जास्त सांगतो. रंगापेक्षा मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा किती गोल झाल्या आहेत, याकडे मी अधिक लक्ष देतो.

नवा प्लग लावला आणि गाडी अधिकच मिसिंग मारू लागली. काय चुकले?

सर्वांत आधी प्लगच्या डोक्यावरची लहान गोल टोपी पाहावी. काही कॅपना ही टोपी लागते आणि काहींना नुसते आटेच लागतात. नव्या प्लगबरोबर ती कधी सैल बसवलेली तर कधी खोक्यात सुटी येते. जुना प्लग शेजारी धरून तुलना करावी आणि टोपी लागत असेल तर पक्कडीने हलकेच आवळावी. त्यानंतर कॅप पूर्ण खाली ‘खट्’ करून बसली आहे का, तारांची अदलाबदल झाली आहे का आणि टाकीखालचा एखादा कनेक्टर किंवा व्हॅक्यूमची नळी सुटलेली आहे का, हे पाहावे. ठिणगी पाहण्यासाठी प्लग हातात धरून हेडला टेकवण्याची जुनी पद्धत येथे वापरू नये. उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, आणि ठिणगीला अर्थिंगचा मार्ग मिळाला नाही तर कॉइल किंवा इसीयू जळू शकतो. मिसिंग मारणारी गाडी दामटून चालवल्यास न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन त्याचा नाश करते.

जुना प्लग पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरता येतो का?

रस्त्यात अडकल्यावर घरी पोहोचण्यापुरता येतो. नेहमीसाठी नाही. तारेच्या ब्रशने चिनी मातीवर धातूचे कण घासले जातात आणि त्या रेघेवरून वीज ठिणगी न पाडताच निसटते.

पावसाळ्यात प्लगची वेगळी काळजी घ्यावी लागते का?

कोकणात किंवा ताम्हिणी-आंबोलीकडे पावसात फिरणाऱ्यांनी घ्यावी. अनेक इंजिनांच्या प्लगच्या खळग्यातून पाणी बाहेर पडायला हेडमध्ये एक बारीक भोक ठेवलेले असते. ते चिखलाने बुजले की खळग्यात पाणी साठते, कॅपच्या रबरातून आत झिरपते आणि गाडी पावसात मिसिंग मारते, तर उन्हात सुधारते. प्लगच्या षटकोनावर गंज दिसला तर हेच झाले आहे. ते भोक तारेने मोकळे करावे आणि कडक झालेले कॅपचे रबर बदलावे. गाडी धुताना पाण्याचा जोराचा झोत थेट टाकीखाली मारू नये.

गाडी वॉरंटीत आहे. घरी प्लग बदलला तर चालेल का?

वॉरंटीच्या पुस्तिकेतल्या अटी आधी वाचाव्यात. बदलायचेच ठरले तर कंपनीने सांगितलेला प्लग अधिकृत दुकानातून घ्यावा आणि पावती जपून ठेवावी; पावतीचा दुसरा उपयोग असा की बनावट प्लगांपासून बचाव होतो. ज्या प्लगचे छापील अक्षर पुसट आहे, वॉशर सहज गळून पडतो किंवा बाहेरची पट्टी मधल्या इलेक्ट्रोडवर नीट आलेली नाही, तो परत करावा.

हेडचे आटे गेलेच तर?

प्लग हाताला लागत राहतो पण घट्ट होत नाही, किंवा निघालेल्या प्लगबरोबर ॲल्युमिनियमची वेटोळी येते, तेव्हा आटे गेले असे समजावे. त्यात सुतळी, टेफ्लॉन टेप किंवा डिंक भरून प्लग बसवण्याचे प्रयोग करू नयेत. असा बसवलेला प्लग सिलिंडरच्या दाबाने बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर उडू शकतो. भोक मोठे करून त्यात हेलिकॉइलची पोलादी वेटोळी किंवा टाइम-सर्टसारखी नळी बसवता येते, आणि ही दुरुस्ती नीट केली तर मूळच्या आट्यांइतकीच टिकते. मात्र भोक पाडताना निघणारा चुरा सिलिंडरमध्ये पडतो, म्हणून शक्यतो हेड उतरवून लेथवाल्याकडून ती करून घ्यावी.

प्रवासाच्या किती दिवस आधी प्लग बदलावेत, आणि बरोबर काय घ्यावे?

निघण्याच्या आदल्या रात्री मुळीच बदलू नयेत. निदान आठवडाभर आधी बदलून दोनशे-तीनशे किलोमीटर गाडी चालवावी, त्यात एखादा घाट असावा, म्हणजे सैल राहिलेली कॅप किंवा सदोष प्लग घराजवळच कळतो. चालू स्थितीत काढलेले जुने प्लग टाकून न देता नव्या प्लगांच्या खोक्यात, टोकावर पुठ्ठ्याची नळी चढवून ठेवावेत. अडीअडचणीला तेच सर्वांत भरवशाचे सुटे भाग असतात, कारण ते याच गाडीत चाललेले असतात. त्यांच्याबरोबर गाडीचा मूळ प्लग पाना, टॉमी आणि तो वीतभर रबरी पाइप एका जुन्या मोज्यात बांधून सीटखाली ठेवावा, म्हणजे खडखडणार नाही.